लढाऊ विमानांच्या प्रतिकृति व त्यांचा साधनविचार

गेल्या वर्षाच्या पावसाळ्यांत एका मोडी दफ्तराच्या शोधांत आम्ही डोंबिवलीस गेलों होतों. दफ्तर पाहिलें, त्यांत शेतसाऱ्याच्या दोन-चार पावत्या आणि एक खंडित वंशावळ यांपलीकडे कांहीं निघालें नाहीं. परंतु यजमानांच्या बैठकीच्या खोलींत कांचेच्या कपाटांत तीन लहान विमानें मांडलेलीं होतीं, आणि दफ्तरास जेवढा वेळ लागला त्याच्या चौपट वेळ आमचा त्या कपाटापुढें गेला. सनदा, ताम्रपट आणि पोथ्या यांच्या चर्चेस वाहिलेल्या या त्रैमासिकांत प्लॅस्टिकच्या विमानांचें परीक्षण कां यावें, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील हें आम्ही जाणतों. त्यास उत्तर इतकेंच कीं, त्या कपाटापुढें जे वाद झाले ते सर्व आपलेच वाद होते : अस्सल कोणतें व नक्कल कोणती, प्रक्षेप कोठें शिरला, आणि जेथें मूळ फाटलें आहे तेथें संपादकानें काय करावें.

यजमान ठाण्याच्या वागळे वसाहतींतील एका कारखान्यांत फिटर होते. आतां निवृत्त आहेत. तीन विमानें तीं अशीं : पहिलें वॉपिटी, १९३३ सालचें, दुसरें लायसँडर, १९४२ सालचें, तिसरें टेंपेस्ट, १९४८ सालचें. तिन्ही हिंदी वायुदलाच्या सेवेंतलीं म्हणून केलेलीं, आणि तिन्ही एकास बहात्तर या प्रमाणांत, म्हणजे सहा फुटांस एक इंच. हें प्रमाण या छंदांत फार जुनें आहे. १९४२ मध्यें अमेरिकेच्या आरमारानें शाळकरी मुलांकडून पांच लक्ष विमानें याच प्रमाणांत करून मागविलीं होतीं, तीं तोफखान्यावरच्या शिपायांस शत्रूचें विमान कोणतें व आपलें कोणतें हें आकारावरून ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून. तेव्हां हा उद्योग पोरखेळ म्हणून हिणवण्याचें कारण नाहीं. या प्रमाणांत एक मिलिमीटर म्हणजे मूळ विमानावरील सात सेंटिमीटरांहून थोडें अधिक. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर खिडकीची चौकट दोन बोटें सरकते.

तयार संच विकत मिळतो, त्याचे सुटे भाग असतात, आणि ते जोडावे कसे व रंगवावे कसे याचा कागद सोबत येतो. हा कागद म्हणजे बाजारांतली छापील पोथी समजावी. ती सर्वत्र मिळते म्हणून तीच मूळ, असा समज होतो; पण ती कोणत्या हस्तलिखितावरून छापली हें तींत कधींच सांगितलेलें नसतें. लायसँडरची कीर्ति युरोपांत झाली ती रात्रीच्या अंधारांत जर्मनव्याप्त फ्रान्समध्यें हेर उतरविणारें काळें विमान म्हणून. साहजिकच संचांतील कागद त्या काळ्या विमानाचा असतो. तें विमान आपल्या देशांत कोणत्या रूपांत उडालें हें जाणूं इच्छिणाऱ्यानें कागद बाजूस ठेवून साधनांकडे वळलें पाहिजे. आमचे यजमान वळले. किती दूरवर वळले व कोठें थांबले, तेंच पाहावयाचें आहे.

लायसँडरविषयीं आम्ही सविस्तर लिहिणार आहों, कारण तें मुंबईकरांच्या पैशाचें विमान होतें. हिंदी वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. त्याचें पहिलें पथक १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिग रोड येथें चार वॉपिटी विमानांवर उभें राहिलें. १९४१ च्या ऑगस्टमध्यें त्याच ठिकाणीं त्या पथकास लायसँडर विमानें मिळूं लागलीं, तीं मुंबईच्या युद्धदेणगी निधींतून. इंग्लंडांत योव्हिल येथील वेस्टलँड कारखान्याचें हें विमान प्रथम १५ जून १९३६ रोजीं उडालें. पंखांचा पसारा ५० फूट, पंख वैमानिकाच्या डोक्यावरून गेलेले, चाकें पोटांत न जाणारीं व त्यांवर मोठे टोप. पुढें रोखलेल्या मशीनगना त्या टोपांतच बसविलेल्या. आणि टोपांच्या बाजूंस लहानसे आडवे पंख लावून त्यांस बाँब टांगण्याची सोय. वेग कमी झाला कीं पंखांच्या पुढल्या कडेच्या फळ्या आपोआप पुढें सरकत, त्यामुळें विमान फारच थोड्या जागेंत उतरे. सैन्याच्या बरोबरीनें राहून टेहळणी करणें हें त्याचें काम. हीं विमानें घेऊन पथक १९४२ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं ब्रह्मदेशांत टाउंगू येथें पोहोंचलें आणि मजुमदार यांच्या नेतृत्वाखालीं त्यानें सयामच्या सरहद्दीवरील जपानी विमानतळावर हल्ले केले. टेहळणीच्या विमानानें बाँबफेकीचें काम केलें, हें त्या मोहिमेचें वैशिष्ट्य.

आतां प्रतिकृति पाहूं. पथकाकडील लायसँडर दुसऱ्या आवृत्तीचीं होतीं. पहिल्या व तिसऱ्या आवृत्तींत ब्रिस्टल कारखान्याचें मर्क्युरी इंजिन, दुसरींत त्याच कारखान्याचें पर्सिअस. दोहोंस सिलिंडर नऊच, मांडणीहि वर्तुळाकार, त्यामुळें दुरून पाहणारास भेद कळत नाहीं. पण मर्क्युरीच्या झडपा उघडण्यासाठीं प्रत्येक सिलिंडरापुढें दांडे असतात. पर्सिअसमध्यें सिलिंडराच्या आंत एक नळीच वर-खालीं सरकून झडपेचें काम करते, म्हणून बाहेर दांडे मुळींच नाहींत. यजमानांच्या संचांत मर्क्युरी इंजिन होतें. त्यांनीं नऊहि सिलिंडरांपुढील दांडे, प्रत्येक केसाएवढा, भिंग लावून तासून काढले आहेत. हें काम आवरणाच्या आंत दडतें. पुढून वाकून पाहणाऱ्यासच दिसतें. बहुतेक पाहणारांस तें कधींच दिसणार नाहीं हें ठाऊक असून ज्यानें तें केलें, तो संशोधक आहे यांत आम्हांस शंका नाहीं. त्यांच्या वहींत या एका गोष्टीवर चार पानें टिपणें आहेत.

तथापि त्याच विमानाच्या बाजूवरील वर्तुळचिन्ह पाहतांच आमचें समाधान मावळलें. तें निळें व पांढरें एवढेंच आहे. मधला तांबडा ठिपका नाहीं. ब्रिटिश चिन्हांतील हा ठिपका पूर्वेकडील आघाडीवर काढून टाकण्यांत आला, कारण जपानी विमानावरील तांबड्या सूर्यबिंबाशीं त्याची गल्लत होऊन आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडीत. पुढें पांढऱ्याच्या जागीं फिकट निळा रंगहि आला. पण हा फेरबदल टाउंगूच्या हल्ल्यांनंतरचा आहे. १९४२ च्या फेब्रुवारींतील विमानावर तांबडा ठिपका असलाच पाहिजे, आणि बाजूच्या चिन्हाभोंवतीं पिवळें कडेंहि. शहाजीच्या पत्रावर शाहूचा शिक्का दिसावा, तसें हें झालें. आपणांपैकीं प्रत्येकजण शिक्क्यावरून कागदाचा काळ ठरवितो. विमानाच्या बाबतींत हें वर्तुळचिन्ह म्हणजे शिक्काच होय, आणि तितकाच विश्वासाचा साक्षीदार.

चूक कशी झाली हें विचारतां यजमानांनीं एक छायाचित्र दाखविलें. छायाचित्र अस्सल, परंतु त्यावर ना साल ना स्थळ. त्यांत ठिपका फिकट दिसतो म्हणून त्यांनीं तो पांढरा मानला नाहीं एवढी सावधगिरी त्यांनीं घेतली होती, पण अन्य एका विमानाच्या निश्चितपणें नंतरच्या चित्राशीं मेळ घालून ठिपका नव्हताच, असा निर्णय केला. येथें कृष्णधवल छायाचित्रांचा एक गुण सांगणें अवश्य आहे, कारण जुनीं छायाचित्रें संग्रहीं ठेवणाऱ्या सर्वांस तो उपयोगी पडेल. त्या काळीं दोन जातींच्या फिल्मा वापरांत होत्या. एक जात तांबड्या प्रकाशास आंधळी होती : तिच्यांत तांबडा रंग काळा उमटे, पिवळाहि गडद उमटे, आणि निळा मात्र फिकट. दुसरी जात सर्व रंगांस डोळस होती; तिच्यांत पिवळा उजळ दिसे आणि तांबडा मध्यम करडा. तेव्हां एकच विमान एकाच दिवशीं दोन कॅमेऱ्यांत टिपलें तर एका चित्रांत पिवळें कडें काळें दिसेल आणि दुसऱ्यांत जवळजवळ पांढरें. चित्र कोणत्या फिल्मेवर घेतलें हें ठरविल्यावांचून त्यावरून रंग वाचणें म्हणजे लिपि न ओळखतां शिलालेख वाचणें होय.

अंबरनाथाच्या देवळांतील शिलालेखाची हकीकत वाचकांस विदित आहेच. भाऊ दाजींनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला. पुढें भगवानलाल इंद्रजींनीं ठसा नीट तपासून तो ९८२ ठरविला, आणि एका अंकानें देऊळ दोनशें वर्षें अलीकडे आलें. भाऊ दाजींसारख्यास जें झालें तें डोंबिवलीच्या एका छंदिष्टास झालें तर नवल नाहीं. परंतु चूक ती चूकच.

लायसँडरच्या बाँबांकडे येऊं. चाकांच्या टोपांवरील आडव्या पंखांखालीं यजमानांनीं दोन बाँब टांगले आहेत, प्रत्येकीं २५० पौंडी. टाउंगूहून असे बाँब नेले गेले हें त्या मोहिमेच्या छापील इतिहासांत सांगितलेलें आहे. मात्र ते अडकविण्याची कडी कशी होती, बाँबाचें तोंड पंखाच्या किती पुढें येई, याचें वर्णन किंवा चित्र यजमानांपाशीं नाहीं. त्यांनीं कडी केली आहे ती स्वतःच्या फिटरी अनुभवानें : ‘इतक्या वजनास एवढी जाड पट्टी लागेलच’, असें ते म्हणाले. तर्क सुंदर आहे आणि कदाचित् बरोबरहि असेल. पण प्रतिकृतींत ती तर्काची कडी आणि साधनांनीं सिद्ध झालेलें पर्सिअस इंजिन, दोन्ही एकाच रंगाचीं, एकाच चकाकीचीं, सारखींच खरीं दिसतात. आमचा मुख्य आक्षेप हा आहे, आणि तो यजमानांवर नसून प्रतिकृति या प्रकारावरच आहे.

पोथी फाटलेली असली तर आपण तेथें टिंबें देतों. अक्षर संशयित असलें तर कंस घालतों. पुण्यास भांडारकर संस्थेनें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति काढली, तींत जो शब्द पुरेसा निश्चित नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. ती रेघ म्हणजे त्या आवृत्तीचा प्रामाणिकपणा. प्रतिकृतिकारास ही सोय नाहीं. विमानाच्या शेपटीचा रंग ठाऊक नाहीं म्हणून शेपटी वगळतां येत नाहीं. कांहींतरी रंग द्यावाच लागतो, आणि दिला कीं तो पुरावा होऊन बसतो. त्या विमानाचें कोणी छायाचित्र घेतो, तें दुसऱ्याच्या हातीं जातें, तो त्यावरून आपलें विमान रंगवितो. तिसऱ्या पिढींत ‘अनेक प्रतींत असाच पाठ आहे’ असें म्हणावयाची वेळ येते. एकाच कुळांतील दहा प्रती म्हणजे दहा साक्षी नव्हेत, हें आपण जाणतों. त्या मंडळींत हें भान अजून सर्वत्र आलेलें नाहीं.

आणि मग खुद्द विमान पाहिलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. आमचे यजमान दिल्लीस पालम येथील वायुदलाच्या संग्रहालयांत जाऊन आले. तेथील लायसँडरचीं शेंकडों छायाचित्रें त्यांनीं घेतलीं आहेत. परंतु तें विमान कोठून आलें? तें कॅनडाच्या वायुदलाचें होतें. कॅनडांत ओंटारिओ प्रांतांतील माल्टन येथें २२५ लायसँडर परवान्यानें बांधलीं गेलीं. १९६८ मध्यें आपल्या वायुदलानें आपलें एक लिबरेटर विमान कॅनडास दिलें आणि त्याच्या मोबदल्यांत तें लायसँडर इकडे आलें. मुंबईच्या निधींतील एकहि लायसँडर पालमला नाहीं. जें आहे तें त्याच ग्रंथाची दूरदेशीं झालेली दुसरी प्रत. मोलाची खरी, पण टाउंगूच्या विमानाच्या रंगाबद्दल, किंवा इकडे केलेल्या जोडकामाबद्दल ती कांहींच सांगूं शकत नाहीं. हाडांच्या मोजमापास तिचा उपयोग करावा, कातडीच्या रंगास करूं नये. यजमानांनीं वहींत हा भेद राखला आहे, ही समाधानाची गोष्ट.

पालमलाच एक वॉपिटी आहे आणि तें मात्र जगांत उरलेलें एकमेव संपूर्ण वॉपिटी होय; म्हणजे एकुलती एक प्रत. या विमानाच्या जन्माची कथा पोथ्यांच्या जाणकारांस रुचेल. पहिल्या महायुद्धांतील डी हॅविलँड ९-ए या विमानाचे पंख व शेपटी यांचे सुटे भाग ब्रिटिश वायुदलाच्या कोठारांत ढिगांनीं पडून होते. काटकसरीसाठीं सरकारनें अट घातली कीं नव्या विमानांत ते वापरावे. त्या अटींतून १९२७ मध्यें वॉपिटी निघालें. जुन्या कातड्यावरील अक्षरें खरडून त्यावरच नवा ग्रंथ लिहावा, तशांतला हा प्रकार. यजमानांचें वॉपिटी साधें, रुपेरी व नीटनेटकें आहे. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं. तारा थोड्या जाड झाल्या आहेत.

लायसँडर ज्या फळीवर ठेविलें आहे तिच्याविषयीं मात्र लिहिलेंच पाहिजे. ती नुसती फळी नव्हे. तिच्यावर माती, खुरटें गवत आणि पाठीमागें मलंगगडाची ओळखीची रेषा रंगविली आहे, आणि खालीं पाटी आहे : ‘नेवाळी विमानतळ’. कल्याणहून मलंगगडाकडे जातांना नेवाळीची धावपट्टी लागते. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ती केली. त्या जमिनींचा वाद इतका जिवंत आहे कीं जून २०१७ मध्यें तेथें मोठें आंदोलन पेटलें व पोलिसांच्या गाड्या जळाल्या. त्याच युद्धांत कल्याणाजवळ लष्करी छावण्या पडल्या. फाळणीनंतर त्यांत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्यें त्या वस्तीचें उल्हासनगर झालें. तेथील लोक पत्ता सांगतांना अजून ‘कॅम्प नंबर चार’ असेंच म्हणतात. अशा भूमीवर राहणाऱ्यास आपल्या गांवच्या धावपट्टीवर आपल्या वायुदलाचें विमान उतरवावेंसें वाटलें, हें समजण्यासारखें आहे.

पण उतरलें होतें काय? पहिलें पथक लायसँडर घेऊन ड्रिग रोडहून पेशावरकडे आणि तेथून ब्रह्मदेशांत गेलें. ब्रह्मदेशांतून परतल्यावर १९४२ मध्येंच त्यास हरिकेन विमानें मिळालीं. नेवाळीचा या प्रवासाशीं संबंध जोडणारा एकहि कागद यजमान दाखवूं शकले नाहींत. ‘उतरलें नसेल असें तरी कोठें लिहिलें आहे?’ असा उलट प्रश्न त्यांनीं केला. हा प्रश्न आम्हांस चांगला परिचयाचा आहे. प्रत्येक गांवच्या बखरींत शिवछत्रपति आपल्या गांवावरून गेले असें लिहिलेलें असतें, आणि पुरावा मागितला कीं हाच प्रश्न येतो. राजवाड्यांनीं १८९८ पासून अस्सल कागदांचे खंड काढून ज्या रोगावर औषध दिलें तो हाच. नेवाळीची पाटी हा प्रक्षेप आहे. गोड आहे म्हणून तो अधिक घातुक. धावपट्टीवर खरोखर कोणतीं विमानें आलीं, याचा शोध घेणें हें ठाणें-कल्याणच्या अभ्यासकांचें काम आहे, आणि तें काल्पनिक लायसँडरमुळें मागें पडतें : जागा भरलेली दिसली कीं कोणी शोधीत नाहीं.

याच रोगाचें मोठें उदाहरण मुंबईचें आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ मध्यें चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नांवाचें विमान उडविलें, ही कथा मराठींत पुनः पुनः छापली जाते. त्या प्रसंगाची तत्कालीन बातमी म्हणून जिचा उल्लेख होतो, तिचें कात्रण कोणीहि पुढें आणलेलें नाहीं. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा तिच्याशीं संबंध लावितात, तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सांगितलेला. १९७४ मध्यें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं त्याची भाषा, इतिहास व यंत्ररचना तपासली, आणि तो १९०४ पूर्वींचा नाहीं व त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत, असा निर्णय दिला. त्यांतील आकृत्याहि त्याच काळांत बंगलोरांतील एका नकाशा काढणाऱ्याकडून करवून घेतलेल्या. आम्ही यजमानांस विचारलें, मरुत्सखा कां केला नाहीं? ते म्हणाले, ‘माप काय धरूं?’ याहून नेमकें परीक्षण त्या कथेचें आम्हीं वाचलेलें नाहीं. लिहिणाऱ्यास ‘विमान आकाशांत झेपावलें’ एवढें लिहून सुटतां येतें. प्लॅस्टिक कापणाऱ्यास पंखाची लांबी लागते. या दृष्टीनें प्रतिकृति करूं पाहणें ही साधनांची उत्तम कसोटी होय. कल्याणच्या खाडींत शिवछत्रपतींनीं जीं गलबतें व गुराबा बांधविल्या, त्यांविषयीं आपल्याकडे पानेंच्या पानें लिहिलीं जातात. त्यांतील एखादें गलबत करावयास बसलें म्हणजे कोणतें वाक्य मोजमापावर उभें आहे व कोणतें उत्साहावर, हें एका दुपारींत कळेल.

उलट पक्षीं, विमानांच्या अभ्यासकास जीं साधनें लाभलीं आहेत त्यांचा आपणांस हेवा वाटावा. ब्रिटिश वायुदलाच्या प्रत्येक पथकास दैनंदिनी ठेवावी लागे. त्या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत ‘एअर २७’ या मालिकेंत आहेत. कोणत्या दिवशीं, कोणत्या क्रमांकाचें विमान, कोणी, किती वाजतां नेलें व केव्हां आणलें, हें त्यांत सांपडतें. प्रत्येक विमानाच्या हालचालींचें स्वतंत्र पत्रक असे. शिवाय वैमानिकाची स्वतःची उड्डाणवही. इतकें असूनहि विमान कोणत्या रंगाचें होतें हें या कागदांत बहुधा नसतें. लिहिणाऱ्यास त्याचें अगत्य नव्हतें, कारण विमान त्याच्या समोर उभेंच होतें. पेशव्यांच्या दफ्तरांत जेवणावळींचा खर्च आण्यापैपर्यंत सांपडतो आणि जेवण कसें झालें हें सांपडत नाहीं, तसेंच हें.

म्हणून उरतात ती घरगुती छायाचित्रें, आणि त्यांची दशा शोचनीय आहे. कांहीं वर्षांपूर्वीं कल्याणांत एका रद्दीवाल्याकडे आम्हांस काळ्या पानांचा एक आल्बम मिळाला. पानांवर पांढऱ्या शाईनें सुरेख अक्षरांत महिने आणि ठाण्यांचीं नांवें लिहिलेलीं, चारी कोपरे चिकटविलेले, आणि छायाचित्र एकहि नाहीं. कोणीतरी तीं अगोदरच काढून घेतलीं होतीं. चित्रें कोठें गेलीं हें रद्दीवाल्यास ठाऊक नव्हतें. तीं आज कोठें असलींच तर नांवगांवावांचून असतील, आणि नांवगांव आमच्यापाशीं चित्रांवांचून आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें जुन्या चाळी व वाडे पाडून नव्या इमारती उठत आहेत; घर रिकामें करण्याच्या आठवड्यांत सर्वांत आधीं बाहेर पडतो तो माळ्यावरचा पेटारा. आपल्यांतील संग्राहक अशा वेळीं मोडी रुमाल तेवढा उचलतात आणि आल्बम मागें ठेवतात. आम्हींहि असें केलेलें आहे.

आतां तिसरें विमान. टेंपेस्टविषयीं यजमानांची वही नाहींच. तें त्यांनीं एका प्रदर्शनासाठीं तीन आठवड्यांत केलें. काश्मीरच्या १९४७-४८ च्या युद्धांत आपल्या वायुदलानें टेंपेस्ट विमानें वापरलीं, त्यांतलें हें एक. काम हातसफाईचें आहे, रंगाची धूप तर पाहत राहावी अशी. पण पंखांवर वर्तुळचिन्ह आहे तें आजचें : बाहेर केशरी, मध्यें पांढरें, आंत हिरवें. हें चिन्ह १९५० चें. स्वातंत्र्यानंतर प्रजासत्ताक होईपर्यंत आपल्या विमानांवर पांढऱ्या वर्तुळांत निळें अशोकचक्र असे. ‘रॉयल’ हें उपपद जसें २६ जानेवारी १९५० रोजीं गळालें, तसें तें चक्रहि गेलें. अवघ्या दोन-अडीच वर्षांचा हा शिक्का. तो ज्या छायाचित्रावर दिसेल त्याचा काळ त्याच क्षणीं ठरतो, आणि म्हणूनच जुन्या चित्रांत त्यावर नजर ठेवावी.

आम्हीं हें सांगितलें तेव्हां यजमान कांहीं बोलले नाहींत. प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक कार्ड ठेवावें, त्यावर काय पाहून केलें, काय ऐकून केलें व काय तर्कानें केलें तें तीन रकान्यांत लिहावें, अशी सूचनाहि आम्हीं केली. त्यावर ते म्हणाले कीं प्रदर्शनांत परीक्षक कार्ड वाचीत नाहींत, रंगाची धार पाहतात. हें खरें असेल. पण पंधरा दिवसांनीं त्यांचें पत्र आलें. लायसँडरास तांबडा ठिपका व पिवळें कडें दिलें आहे. बाँब ठेवले आहेत. कड्यांचा रंग मात्र मुद्दाम किंचित् वेगळा केला आहे व कार्डावर तसें लिहिलें आहे. नेवाळीची पाटी काढलेली नाहीं. त्याबद्दल पत्रांत अवाक्षरहि नाहीं.

टेंपेस्टवरचीं तिरंगी वर्तुळें त्यांनीं ब्लेडनें खरडून काढलीं आहेत, आणि चोवीस आऱ्यांचें चक्र हातानें काढण्याचा त्यांचा विचार आहे. त्यासाठीं चक्राचा व्यास हवा. विमानाची लांबी सुमारें साडेचौतीस फूट ठाऊक आहे. तेव्हां १९४८ किंवा १९४९ सालचें, बाजूनें सरळ घेतलेलें, संपूर्ण विमान दिसणारें एक छायाचित्र मिळाल्यास व्यास मोजून काढतां येईल. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असें चित्र असल्यास त्याची प्रत, पाठीमागील मजकुरासह, मंडळाच्या पत्त्यावर पाठवावी; मूळ चित्र आल्बममधून काढूं नये.